सातव्या प्रश्नाची पडताळणी

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार (डावा गुडघा जेवढी परवानगी देतो तेवढंच वाकून, उरलेला समक्ष भेटीत पुरा करीन). उजव्या डोळ्याची पट्टी निघाली का? निघाली असेल तरी हे पत्र एका बैठकीत वाचू नका, लांब आहे, आणि माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे. भाऊजींचा रक्तदाब, तुमची कंबर आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेलं पाण्याच्या टाकीचं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. मी बरी आहे. झोप लागते, भूक लागते, गुडघा सोडला तर तक्रार नाही. ह्यांना जाऊन गेल्या महिन्यात तीन वर्षं झाली. त्या दिवशी मी विशेष काही केलं नाही. ह्यांचा चष्मा पुसून ठेवला, तो तर रोजच पुसते.

तुमचं पत्र येऊन सहा आठवडे झाले आणि माझं उत्तर आज निघतंय, याबद्दल तुम्ही मला जे काही मनातल्या मनात बोलला असाल ते सगळं मला कबूल आहे. पत्रात तुम्ही लिहिलं होतं की मी हे घर बंद करून कायमची चिरंजीवाकडे राहायला यावं असं ठरलं आहे, त्याच्याकडची बाल्कनीलगतची खोली रंगवून तयार आहे (रंग कुठला ते लिहायचं राहिलं), सामानाची गाडी अठ्ठावीस तारखेला सांगितली आहे, तुमचं घर तिथून एका गल्लीवर असल्याने जाणंयेणं राहील, आणि मी फक्त ‘हो’ एवढं कळवायचं. खाली एक ओळ होती: त्याची फार इच्छा आहे, पोरगं तोंडाने बोलत नाही एवढंच. आज एकोणीस तारीख. गाडीला नऊ दिवस आहेत, आणि मी अजून एक पातेलंसुद्धा बांधलेलं नाही. का, ते सांगायला हे पत्र.

खरं म्हणजे तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी ‘हो’ लिहायला बसले होते. तुम्ही आणि चिरंजीवाने मिळून ठरवलंय म्हणजे माझ्या भल्याचंच असणार, आणि ह्यांच्यामागे मी कुठल्या गोष्टीला ‘नाही’ म्हटल्याचं मला आठवत नाही. पण अर्धं अक्षर उमटलं आणि पेन बंद पडलं. रिफिल आणायला खाली उतरले. स्टेशनरीच्या दुकानाला लागूनच आमचं वाचनालय आहे, आणि वाचनालयाच्या दारावरून नुसतं पुढे जाणं मला आजवर जमलेलं नाही. आत एक मुलगी दातांत टाचणी धरून फलकावर कागद लावत होती. सर्वेक्षक पाहिजेत. शिक्षण, पदवीधर. भरपूर चालण्याची तयारी हवी. मी तिला म्हटलं की चालण्याची तयारी आहे, पदवी तेवढी नाही. सातवीला शाळा सुटली, पुढचं सगळं याच खोलीतल्या कपाटांतून वाचलं, ‘अ’पासून सुरुवात केली होती, सध्या ‘म’मध्ये आहे. ती हसली, टाचणी खाली पडली आणि मी ती शोधून दिली. तिने आधी नेमलेले दोन पदवीधर पहिल्याच आठवड्यात सोडून गेले होते, एक जिन्यांमुळे आणि एक कुत्र्यामुळे, म्हणून तिने माझ्याकडे पदवीपेक्षा पायांच्या दृष्टीने पाहिलं असावं. (गुडघ्याचं मी बोलले नाही. तिने विचारलंच नव्हतं. संशोधनात जे विचारलं जात नाही त्याची नोंद होत नाही, हे मी पुढे शिकले.)

ही मुलगी विद्यापीठात प्रबंध लिहिते आहे. विषय असा, की घरातले निर्णय कोण घेतं. चाळीस जोडपी गाठायची, नवऱ्याचा फॉर्म वेगळा, बायकोचा वेगळा. बहुतेक प्रश्नांना चार पर्याय: पती, पत्नी, दोघं मिळून, इतर. सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न सातवा: घरातल्या मोठ्या निर्णयात शेवटचा शब्द कोणाचा असतो? तिने मला फॉर्मांचा गठ्ठा दिला, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र दिलं (फोटोत मी कुणावर तरी रागावल्यासारखी दिसते) आणि संशोधनात माहिती कशी गोळा करावी याचं एक पातळ पुस्तक दिलं. मी त्याला कव्हर घातलं आणि तीनदा वाचलं. त्यातली पहिलीच गोष्ट मला फार आवडली. माहिती दोन प्रकारची असते. आपण स्वतः जाऊन, ज्याची त्याच्याकडून घेतो ती प्राथमिक. दुसऱ्या कोणी आधीच गोळा करून, निवडून, बांधून ठेवलेली आपण नुसती उचलतो ती दुय्यम. हे वाचल्यावर मी जरा मागे वळून पाहिलं, तर माझ्या आयुष्यातली बरीचशी माहिती दुय्यम निघाली. तरीही तुम्हाला ‘हो’ लिहायचंच होतं. चार दिवस हे काम करू, मग लिहू, असं म्हटलं.

पहिली पद्धत प्रश्नावलीची. म्हणजे घरोघरी कागद देऊन यायचं आणि आठवड्याने भरलेले गोळा करायचे. माणसांशी बोलावं लागत नाही म्हणून ही सर्वांत सोपी, असं पुस्तक म्हणतं. मी आमच्याच इमारतीत वीस घरी कागद दिले. पाच परत आले. एकावर मागच्या बाजूला वाण्याची यादी होती. एकात नवऱ्याच्या आणि बायकोच्या दोन्ही फॉर्मांवर एकच अक्षर होतं आणि ते नऊ वर्षांच्या मुलीचं होतं. तिच्या मते घरातले सगळे निर्णय आजोबा घेतात, आजोबा वारलेत तरीसुद्धा. तळमजल्यावरच्या चष्मेवाल्याने प्रत्येक प्रश्नापुढे ‘समक्ष भेटा’ लिहिलं होतं. उरलेले दोन कोरे, पण फार नीट घडी घातलेले.

म्हणून दुसरी पद्धत, मुलाखत. समोर बसायचं, प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा, आपलं मत घालायचं नाही, मान हलवायची नाही, तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. वन्सं, मी दारात उभी राहिले की लोक मलाच बसवून माझीच मुलाखत घेतात. ह्यांना नक्की काय झालं होतं, किती दिवस दवाखान्यात होते, आता जेवायचं काय करता, मुलगा नेत का नाही. मी तासाभराने बाहेर पडायची तेव्हा त्यांची माझ्याबद्दलची प्राथमिक माहिती पूर्ण आणि माझा कागद कोरा. पण हळूहळू जमलं. दुसऱ्या मजल्यावरचे भूगोलाचे निवृत्त मास्तर प्रत्येक प्रश्नाला ‘पती’ सांगत होते आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात काहीतरी आपटत होतं. आता हे उत्तर म्हणायचं की नाही, मला कळेना. मी समासात लिहून ठेवलं: झाकण, एकदा. पातेलं, दोनदा. सातव्या प्रश्नाला पाट्याएवढं काहीतरी जड. मुलीने तो कागद पाहिला आणि ती इतकी खूश झाली की तो तिने आपल्या मार्गदर्शक सरांना नेऊन दाखवला. सरांना प्रत्येक वाक्यावर ‘हे कशावरून?’ म्हणायची सवय आहे. या कागदावर ते म्हणाले नाहीत.

त्यामुळे माझी बढती झाली आणि मला तिसऱ्या पद्धतीवर, निरीक्षणावर धाडण्यात आलं. बोलायचं नाही, विचारायचं नाही, नुसतं बसून पाहायचं. पन्नाशी उलटलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात, मालकाची परवानगी काढून, विकायला ठेवलेल्या सोफ्यावर मी तीन दिवस बसले. पहिल्या दिवशी दोघांनी मला सोफ्याची किंमत विचारली. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी मी उठेपर्यंत सौजन्याने वाट पाहिली आणि मग सोफा नको म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी एक गादी विकली. विकायची नव्हती, पण ते नवीन लग्न झालेलं जोडपं अर्धा तास भलतीच गादी दाबत उभं होतं आणि मला राहवेना. मुलगी म्हणाली, काळजी करू नका काकू, निरीक्षण करणारा माणूस असा मध्ये पडला की त्याला सहभागी निरीक्षण म्हणतात, तीही एक पद्धतच आहे. (मी जे जे चुकते त्याला पुस्तकात आधीच एक नाव असतं, ही या शास्त्राची मला सर्वांत आवडलेली गोष्ट.) वहीत मी एक नोंद केली. गादी दाबताना नवरा गादीकडे बघतो आणि बायको नवऱ्याच्या तोंडाकडे. एकवीस जोडप्यांपैकी सतरा. मीही तशीच बघायचे.

आता घोळ झाला तो ऐका. पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात एक वाक्य आहे, त्याखाली मी शिसपेन्सिलीने रेघसुद्धा मारली होती: मिळालेल्या उत्तराची शक्यतो दुसऱ्या स्रोताकडून पडताळणी करून घ्यावी. मला ते अगदी पटलं. मग मी काय करायची, सकाळी नवऱ्याचा फॉर्म भरून घ्यायची, आणि दुपारी बायकोचा भरून झाला की नवऱ्याचा कागद काढून तिला विचारायची की यांनी सातव्या प्रश्नाला ‘पती’ असं सांगितलंय, हे बरोबर आहे ना? दुसरा स्रोत तिच्याहून जवळचा कुठला मिळणार? चष्मेवाल्याच्या बायकोने ऐकून घेतलं. फक्त विचारलं, शाईने लिहिलंय का. मी म्हटलं, हो, बॉलपेन आहे. ती म्हणाली, बरं झालं.

संध्याकाळी चष्मेवाला माझ्याकडे आला. माझा चष्मा फुकट तपासून दिला, दांडी घट्ट करून दिली, आणि मग म्हणाला की ते सातवं उत्तर खोडता येईल का. मी सांगितलं की खाडाखोड चालत नाही, नियम आहे. तो बराच वेळ बसला होता. घरी जायची त्याला घाई नव्हती. मला तरीही काही कळलं नाही, वन्सं, मला वाटलं माणूस बोलायला आलाय. मी पडताळणी चालूच ठेवली. आठवड्याभरात अकरा घरं झाली. मास्तरांच्या घरचे आवाज अचानक पूर्ण बंद झाले, आणि ते फार वाईट लक्षण होतं. मग इमारतीची बैठक भरली, लिफ्ट दुरुस्तीची, जी गेली दोन वर्षं भरते. एरवी बायका बोलतात आणि पुरुष माना डोलावतात. या वेळी अकरा बायका भिंतीला टेकून गप्प बसल्या. शेवटचा शब्द ज्यांचा आहे त्यांनीच लिफ्टचं बघावं, आम्हाला त्यातलं काय कळतं. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. पाऊण तासाने बैठक संपली आणि लिफ्ट होती तिथेच, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधोमध.

मुलीला कळलं तेव्हा ती माझ्या जिन्यात मटकन बसली. एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नसतं, काकू, नवऱ्याचं बायकोला तर नाहीच. गोपनीयतेचं प्रकरण वाचलं नाही का तुम्ही? मी तीनदा वाचलं होतं. त्यात लिहिलं आहे की उत्तरदात्यांची माहिती कुलपात ठेवावी. आणि मी ती कुलपातच ठेवली होती, आमच्या हिरव्या कपाटात, किल्ली कमरेला. कुलूप कपाटाला होतं, माझ्या तोंडाला नव्हतं, एवढाच फरक. त्या अकरा जोडप्यांचे बावीस फॉर्म रद्द झाले. मी ओळखपत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने ते परत माझ्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, आता चौथी पद्धत, गटचर्चा, सगळ्यांना एकत्र बोलवायचं, आणि तुम्ही माफी मागायची.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत अकरा जोडपी जमली, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मध्ये सर आणि मुलगी. मी उभी राहिले आणि सांगितलं की चूक माझी आहे, माणसं खोटं बोलली नाहीत, प्रत्येकाने आपल्याला वाटतं ते सांगितलं, ते मी भलत्या दारात नेऊन टाकलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण चष्मेवाल्याची बायको उठली. ती बाई शांत आहे, आणि शांत माणसांची मला आता भीती वाटते.

“काकू, आमचं सगळं झालं विचारून. आता तुमचं सांगा. तुमच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा?”

मी म्हटलं, माझ्या घरात आता मी एकटीच आहे. आणि तेही अठ्ठावीस तारखेपर्यंत. मग जायचंय मुलाकडे, गाडी सांगितली आहे.

“कोणी ठरवलं?”

“ठरलं.”

“तुमच्या फॉर्मात ‘ठरलं’ असा पर्याय नाही.”

वन्सं, पुरुषांच्या बाजूने कोणीतरी पहिल्यांदा हसलं, मास्तर असावेत, मग डावीकडून हसू आलं, आणि दहा मिनिटांत ती सगळी मंडळी माझ्या खर्चाने एकमेकांशी बोलायला लागली. सर बाहेर पडताना माझ्याजवळ थांबून म्हणाले की गटचर्चा यशस्वी झाली. मी त्यांना म्हटलं, हे कशावरून? त्यांना राग आला नाही.

मी मात्र घरी आले आणि जेवले नाही. जायचं की राहायचं, हा माझ्या उरलेल्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा निर्णय, आणि त्यापुढे कुठल्या चौकोनात खूण करायची तेच मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी रद्द झालेल्या अकरांच्या जागी मागच्या रस्त्यावर नवी अकरा जोडपी शोधायला लागले (या वेळी तोंड बंद ठेवून). त्यांतलं शेवटचं, म्हणजे चाळिसावं घर ह्यांच्या जोडीदाराचं निघालं. तुम्हाला आठवत असेल, टाइपरायटर दुरुस्तीच्या दुकानात ह्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसणारा, कानामागे स्क्रू ठेवणारा. आता ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत आहे. त्याला मी बारावा प्रश्न वाचला: जोडीदाराला आवडते म्हणून घेतलेली, पण स्वतःला मुळीच न आवडलेली एखादी वस्तू सांगा. तो आपली वस्तू सांगायच्या ऐवजी मला म्हणाला, ते तुमचं हिरवं कपाट नाही का, तसलं काहीतरी आमच्याकडेही आहे. मी विचारलं, तसलं म्हणजे कसलं? तो म्हणाला, अहो तो नेहमी सांगायचा, घरात एक शेवाळासारखं कपाट आणून ठेवलंय, बघवत नाही, पण बायकोचा जीव आहे त्याच्यावर, म्हणून बोलत नाही.

वन्सं, मला ते कपाट पहिल्या दिवसापासून आवडलेलं नाही. दुकानात ह्यांनी त्याच्यावर हात ठेवलेला मी पाहिला, ह्यांना आवडलंय असं धरलं आणि छान आहे म्हणाले. आता वाटतं, बुटाची नाडी बांधायला आधार घेतला असेल. एकतीस वर्षं मी ते ह्यांच्यासाठी पुसलं, आणि ह्यांनी एकतीस वर्षं माझ्यासाठी पुसू दिलं. फॉर्मात ‘दोघं मिळून’ असा जो तिसरा पर्याय आहे ना, त्याचा अर्थ कधीकधी असा होतो. मी ह्यांच्या त्या जोडीदाराच्या घरी काही दाखवलं नाही, तोंडावर काही दिसू द्यायचं नसतं. उत्तर लिहून घेतलं, सही घेतली आणि जिन्यात येऊन बसले. आधी हसू आलं, नंतर दुसरं. ही एवढीशी गोष्ट मला ह्यांच्या तोंडून ऐकायला मिळायला हवी होती. एकदा तरी विचारायला हवं होतं. चौतीस वर्षं माणूस समोर बसून जेवत होता.

तिथेच माझ्या डोक्यात तुमचं पत्र आलं. त्याची फार इच्छा आहे, पोरगं तोंडाने बोलत नाही एवढंच. म्हटलं, ही माहिती दुय्यम आहे.

मग मी रीतसर मुलाखती घेतल्या, प्रत्येकाची वेगळी, एकाचं दुसऱ्याला न सांगता. (इथे सांगते आहे ते त्यांची परवानगी घेऊन.) चिरंजीवाला कचेरीत फोन केला आणि विचारलं की मी तुझ्याकडे यावं असं तुला वाटतं, का मला यावंसं वाटतं असं तुला वाटतं? तो म्हणाला, आत्या म्हणाली, तुला तिथे एकटीला अजिबात करमत नाही, पण तू सांगणार नाहीस. सूनबाईला वेगळा फोन केला. ती म्हणाली, आई, तुम्ही खरंच या, तुमची इच्छा आहे ना. मी म्हटलं, माझं राहू दे, त्या खोलीत आत्ता काय आहे? आत्तापर्यंत तिचं कामाचं टेबल होतं. ते आता फ्रिजशेजारी हलवलंय, आणि फ्रिज मध्येच गुरगुरतो तेव्हा फोनवर तिच्या साहेबांना वाटतं ही त्यांच्यावर घसा खाकरते. सून गुणाची आहे, तक्रार म्हणून नाही सांगितलं, मी विचारलं म्हणून सांगितलं. म्हणजे बघा: तो माझ्यासाठी, ती त्याच्यासाठी आणि मी त्या दोघांसाठी, असे तिघं मिळून आम्ही आणखी एक हिरवं कपाट घरात आणत होतो.

तेव्हा माझं उत्तर. मी येत नाही. हे घर मला आवडतं. वाचनालय चालत चार मिनिटांवर आहे आणि माझं ‘म’ व्हायचंय. मुलीचा प्रबंध पुरा होत आला, पुढच्या महिन्यापासून सरांचं दुसरं सर्वेक्षण आहे आणि त्यांनी मला ठेवून घेतलं आहे. एकटीला करमत नाही हे काही संध्याकाळी खरं असतं. पण ते चिरंजीवाच्या बाल्कनीलगतही खरंच असेल, त्याला जागा बदलून उपयोग नाही. प्रश्न सातवा, हे घर: ‘पत्नी’. शाईने लिहिलं आहे. गाडी रद्द करा, आणि रंगवलेल्या खोलीत टेबल परत नेऊ द्या.

राग मानू नका, आणि मानलात तर तसं स्पष्ट लिहा. भाऊजींना नमस्कार. डोळ्यात औषध वेळेवर घाला.

तुमची,
भावजय

ता. क. वर एवढं ठणकावून लिहिलं खरं, पण चिरंजीवाला हे अजून सांगितलेलं नाही. फोनवर मी नुसते प्रश्न विचारले आणि आभार मानून ठेवला, पुस्तकात तसंच सांगितलंय. चाळीस जोडप्यांच्या दारात उभी राहिले, पण ‘आई, का?’ म्हणून त्याने विचारलं तर माझं काही खरं नाही. तुम्हीच सांगा. सुरुवातही तुम्हीच केली होती.

ता. ता. क. माझ्या सर्वेक्षणात एक तिसरा उत्तरदाताही होता. त्याचं नाव गोपनीय आहे. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होतात तेव्हा मी तुमच्या घरी फोन केला आणि तो त्याने उचलला. त्याच्या बोलण्यातली एकच गोष्ट कळवायची त्याने परवानगी दिली: तुमच्याकडे ह्यांचं नाव निघालं की सगळे विषय बदलतात, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून, आणि तुम्हाला तर तेवढंच बोलायचं असतं, धाकट्या भावाबद्दल, कोणाशी तरी. म्हणून मी एका गल्लीवर हवी होते. वन्सं, मला ते सरळ लिहिलं असतंत तर मी पेन बंद पडल्यावर शिसपेन्सिलीने ‘हो’ लिहिलं असतं. म्हणून बरं झालं लिहिलं नाहीत.

ता. ता. ता. क. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. माझ्याकडे ह्यांची चौतीस वर्षांची माहिती आहे. त्याआधीची सव्वीस वर्षं तुमच्याकडे आहेत, आणि ती मला फुटकळ, ऐकीव, इकडून तिकडून मिळालेली आहे. शाळेत पहिल्या दिवशी रडले होते का, कोणाला घाबरायचे, मला बघून घरी आले तेव्हा पहिलं वाक्य काय बोलले. हे पत्राने मागवण्यासारखं नाही, समोर बसूनच घ्यावं लागतं. दोन महिने इथे राहायला या. मी विचारीन, तुम्ही सांगा. मग तुम्ही विचारा, मी सांगीन. विषय कोणी बदलणार नाही. येणार की नाही ते भाऊजींना विचारून नको, चिरंजीवाला विचारून नको, आणि मला काय बरं वाटेल याचा विचार करून तर मुळीच नको. तुम्हाला यावंसं वाटतं का, ते तुमच्या हाताने लिहा. दुसऱ्याने कळवलेलं उत्तर मी आता धरत नाही.